नटीच्या नावेतलं लाकूड

मंगळवार, १४ मार्च. सकाळपासून वारा. दूध नासलं. बेसिनच्या नळाचा वायसर बदलून घेतला. दुपारी बोटींच्या यार्डातली माणसं येऊन स्वयंपाकघरातलं टेबल घेऊन गेली. टेबल नटीचं होतं म्हणतात.

एवढं लिहून वहिनींनी पेनाला टोपण लावलं आणि शेवटचं वाक्य पुन्हा वाचलं. वाचताना वाटलं, हे आपण लिहिलंच नाही, कुणीतरी चेष्टेनं आपल्या वहीत लिहून ठेवलंय. रोजची डायरी लिहायची सवय शाळेतल्या सिस्टरांनी लावलेली. तेव्हापासून नळ, दूध, वारा, आजारपणं, सगळं वेळच्या वेळी लिहिलं गेलं. पण असलं वाक्य कधी लिहावं लागलं नव्हतं.

घडलं ते असं. दुपारी दीर आला तो एकटा नाही, बरोबर एक पॅन्ट-शर्टातली बाई. बाईनं नमस्कार केला, पाणी नको म्हणाली आणि पुढच्या क्षणी गुडघ्यांवर बसून थेट टेबलाखाली शिरली. खालून टॉर्चचा उजेड फिरायला लागला. वहिनी हातात डाव घेऊन आ वासून बघत राहिल्या.

"हेच!" टेबलाखालून आवाज आला. इतका मोठा की वहिनींच्या हातातला डाव खाली पडला.

"काय हेच? झुरळ?"

"डेक! वहिनी, हा डेक आहे! हे खिळ्यांवरचे बूच बघा ना!"

वहिनींनी दिराकडं बघितलं. दीर खिडकीबाहेर बघत होता, जसं काही त्यानं खिडकी पहिल्यांदाच पाहिली.

"भाऊजी, ही बाई काय म्हणते?"

"टेबल द्यावं लागेल वहिनी. नटीच्या नावेचं आहे."

"आणि हे मला आज सांगताय?"

"आधी सांगितलं असतं तर तुम्ही त्यावर कांदा चिरला असता का?"

चिरला नसता, हे खरंच. पण म्हणून एखाद्या बाईनं उभी हयात एका नटीच्या डेकवर कांदे चिरावेत, कणीक तिंबावी, मुलांचे अभ्यास घ्यावेत, आणि तिला पत्ताच नसावा?

या दिराला यार्डात सगळे 'रंधा' म्हणत. कारण उघड होतं. माणूस बारीक, लांबट, आणि ज्याच्या अंगावरून जाईल त्याचा पापुद्रा काढल्याशिवाय राहायचा नाही. बोटी बांधणारा सुतार. लग्न केलं नाही. का नाही केलं, असं विचारलं तर म्हणायचा, "सरळ लाकूड मिळालं नाही." वहिनी लग्न होऊन घरात आल्या तेव्हा हा मिसरूड फुटलेला पोरगा होता, तेव्हापासून रात्रीचं जेवण वहिनींकडं. झोपायला यार्डामागच्या आपल्या खोलीत जायचा, पण जेवायला इथंच. जेवताना बोलायचा नाही. यार्डात दिवसभर तोंडात खिळे धरून काम करायची सवय, त्यामुळं तोंडात काही असलं की ओठ आपोआप मिटलेले. वहिनींचे यजमान हसून म्हणत, "याला वाढताना जपून, तुझा भात लाकडात ठोकेल."

यजमान त्याच यार्डात स्टोअरकीपर होते. खिळे, दोर, रंग, शिडाचं कापड, सगळं त्यांच्या ताब्यात. धिप्पाड उंच माणूस, पण पाण्याचं नाव काढलं की पोटात गोळा. धक्क्याला बांधलेल्या बोटीवर पाय ठेवला तरी बोट लागायची. यार्डातले चेष्टा करत, "साहेबांना बोटीचं चित्र दाखवू नका, ओकतील." जन्मभर बोटींचं सामान मोजलं आणि एकदाही बोटीत बसले नाहीत.

आणि नटीची नाव? ती यार्डातली जुनी हकिगत. एका गिरणीमालकानं हौसेनं बांधून घेतलेली शिडाची यॉट, लांबलचक, अंगानं सडसडीत, वॉर्निश केलं की मधासारखी दिसणारी. पुढं ती त्या काळच्या गाजलेल्या सिनेनटीनं घेतली. लोकांना वाटलं, आता बाई दर्यावर राज्य करणार. बाई समुद्राला घाबरायची. नाव बंदराच्या भिंतीच्या आत नांगरून ठेवायची आणि केबिनमध्ये बसून सिनेमाचे संवाद पाठ करायची. केबिनच्या खिडकीतून लाटा दिसायच्या, त्याही तिला सोसेनात. म्हणून तिनं खिडक्यांवर एक भलंथोरलं महोगनीचं पॅनेल बसवून घेतलं, अखंड एका फळीचं. त्यावर कोरीव वेल आणि वेलीवर एक चिमणी. कोरणाऱ्याची पटाशी घसरली आणि चिमणीची चोच तुटली. तो बिचारा घाबरला. नटी म्हणाली, "राहू दे. टोचणार तरी नाही."

नटीनंतर नाव एका गायकाकडं गेली, मग एका क्लबकडं, मग एका हॉटेलवाल्याकडं. हॉटेलवाल्याला सगळं चकाचक हवं होतं. त्यानं हुकूम सोडला, डेक आणि आतलं जुनं सगळं उपटा आणि सनमायका लावा. उपटायचं काम आलं रंध्याकडं. यार्डाचा जुना रिवाज होता: बोटीतून निघालेलं लाकूड ज्यानं काढलं त्याचं. कुणी त्याची खुराडी केली, कुणी फडताळं. रंध्यानं डेकच्या फळ्यांचं वहिनींना टेबल करून दिलं, तुकड्यांची इस्त्रीची पाटी, चपलांचा घोडा. पॅनेल मात्र तसंच उभं स्टोअरमध्ये ठेवलं. यजमान डबा खायला त्याच्यासमोर बसायचे. घरी येऊन सांगायचे, "आज चिमणीची भाजीवर नजर होती." वहिनींना वाटायचं, स्टोअरमध्ये खरीच चिमणी येते. कुणी सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही.

मग एका दुपारी यजमान त्याच स्टोअरमध्ये खुर्चीवर बसल्या बसल्या गेले. शवपेटी रंध्यानं केली. बाहेरून आणू दिली नाही. वहिनींना त्या दिवसातलं धड काही आठवत नव्हतं. एकच आठवत होतं की पेटी कुणाला उचलेना. खांदेकरी घामाघूम झाले. कबर खोदणारा कुजबुजला होता, "आत माणूस आहे की जहाज?" दुःखात असूनही वहिनींना त्याचा राग आला होता.

सनमायका लावलेली नाव हॉटेलवाल्यालाही पेलली नाही. ती यार्डाच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली कुजत पडली. आता इतक्या वर्षांनी गाद्यांचा कारखाना असलेल्या एका मालकानं ती घेतली होती. त्याला ती नटीच्या वेळी होती तशी, अगदी तशीच हवी होती. त्यासाठी ही पॅन्ट-शर्टवाली बाई आली होती. जुन्या यॉट मुळाबरहुकूम उभ्या करणं हेच तिचं काम. तिनं गावभर सांगितलं होतं, ज्यानं जे नेलं असेल ते आणून द्या, बदल्यात नवं लाकूड घ्या, आम्ही काही विचारणार नाही. लोकांनी खुराडी मोडून आणली. एकानं तर मुलाचा पाळणा आणला. यार्डातल्या शेडमध्ये हे सगळे तुकडे ओळीनं मांडलेले, आणि बाई त्यांच्यातून फिरायची, जत्रेत हरवलेली माणसं ओळखावीत तशी.

टेबल उचलताना बाईनं दारात थांबून पिशवीतून एक मोठा फोटो काढला. केबिनमध्ये फोटोसाठी उभी राहिलेली नटी, आणि तिच्या मागं वेल. चिमणीचा निम्मा भाग नटीच्या खांद्याआड गेलेला.

"हे कुठं पाहिलंत का वहिनी? सगळं मिळालं, हेच मिळत नाही."

"नाही बाई," वहिनी म्हणाल्या, आणि ते खरं होतं. पण त्यांचं लक्ष दिराकडं गेलं. त्याचा चेहरा रंधा मारल्यासारखा पांढरा पडला होता.

त्या रात्री तो जेवायला आला नाही. दुसऱ्या रात्रीही नाही. यजमान गेले त्या दिवशीसुद्धा तो या घरात जेवला होता, रडत रडत.

मग वहिनी भाजी घ्यायला गेल्या तिथं ऐकलं. यार्डातल्या रंगाऱ्याची बायको मुद्दाम मोठ्यानं बोलत होती. "रंध्यानं विकलं म्हणतात ते पॅनेल. गादीवाला पोलिसात देणार आहे. वर तोंडानं केवढा शिस्तीचा!" वहिनींनी निवडून हातात धरलेले टोमॅटो कुणाच्या तरी पायाखाली गेले, त्यांना कळलंही नाही. त्या भाजी न घेताच यार्डाकडं चालू लागल्या.

शेडमध्ये नाव उभी होती, लाकडी टेकूंवर, एका बाजूच्या फळ्या काढलेल्या, आतल्या बरगड्या उघड्या. ताज्या भुशाचा आणि राळेचा वास. आणि त्या बरगड्यांच्या आत दीर बसला होता, हात मांडीवर ठेवून. रंधा बाजूला आडवा पडलेला. या माणसाला रिकाम्या हातानं बसलेलं वहिनींनी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

"भाऊजी, जेवायला का येत नाही?"

"टेबल कुठंय?"

"टेबल नव्हतं तेव्हाही जेवत होताच की. मांडीवर ताट घेऊन."

वहिनींनी पदर कमरेला खोचला आणि वाकून आत गेल्या.

"विकलंत का तुम्ही ते?"

"वहिनी!" तो असा दचकला की डोकं वरच्या तुळईवर आपटलं. "तुम्हीसुद्धा?"

"मग आहे कुठं?"

त्यानं डोकं चोळलं. खाली बघत म्हणाला, "दादाजवळ."

"त्यांच्या ट्रंकेत? ट्रंक मी दर वर्षी उन्हात काढते. स्वेटर आणि कोट आहे तिच्यात. एवढी फळी मावेल तरी का?"

"ट्रंकेत नाही वहिनी." त्यानं आपला तळवा उचलला आणि स्वतःच्या चेहऱ्यासमोर आडवा धरला, झाकणासारखा. "दादाजवळ."

वहिनींना ते कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा त्या भुशाच्या ढिगावर मटकन बसल्या.

"पेटीला? तुम्ही नटीचं पॅनेल पेटीला लावलंत?"

"दादा उंच. त्याच्या लांबीची अखंड फळी यार्डात दुसरी नव्हतीच. काय करायचं? दादाच्या डोक्यावर जोड घ्यायचा? जोडातून पाणी येतं वहिनी."

"जमिनीत कसलं पाणी?"

"पाणी कुठंही येतं. मी फटींत कापूस ठोकला, वर राळ भरली, तांब्याचे खिळे मारले. थेंब जायचा नाही आत." आणि मग अगदी हळू, "चिमणी आतल्या बाजूला केली. दादाच्या तोंडासमोर. डबा खाताना बघायचा ना."

इतकी वर्षं दर रविवारी वहिनी कबरीपाशी जाऊन उभ्या राहिल्या होत्या, आणि दर रविवारी मनात एकच यायचं: तिथं खाली किती अंधार असेल, किती रितं. आणि हा, शेजारी उभा राहून, खाली वेल आहे चिमणी आहे हे जाणत होता, आणि घरी येऊन मुकाट जेवत होता! दादाचा भाऊ म्हणून याला ठाऊक, आणि बायकोला नाही?

"मला का नाही सांगितलंत?"

"नाव भंगारात जाईल असं वाटलं होतं. कोण विचारणार होतं?"

"मी विचारतेय ते नावेबद्दल नाही."

तेवढ्यात वरून, डेकच्या उघड्या चौकटीतून, आवाज आला.

"तिथली माती कोरडी आहे का?"

दोघांनी वर बघितलं. पॅन्ट-शर्टवाली बाई चौकटीत वाकलेली होती, हातात मोजपट्टी. तिनं सगळं ऐकलं होतं. प्रश्न तोंडातून निसटला आणि मागोमाग आपण काय बोललो ते तिला कळलं. तिनं मोजपट्टी टाकून दोन्ही हात तोंडावर दाबले.

"माफ करा. वहिनी, माफ करा. लाकूड म्हटलं की मला दुसरं काही दिसतच नाही. मी असं कसं बोलले!"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, त्यामुळं वहिनींना तिचा राग धड करताही येईना. पण तिची आरडाओरड ऐकून गादीवाला मालक ऑफिसातून धावत आला. त्याला सांगावंच लागलं. आधी त्याचे डोळे पांढरे झाले, मग हळूहळू चमकायला लागले. तीच चमक बघून वहिनींचं धाबं दणाणलं.

"म्हणजे शाबूत असणार!" तो म्हणाला. "कापूस, राळ, तांब्याचे खिळे, अहो, यांनी तर नावच बांधली! वहिनी, गैरसमज नको. सगळं रीतसर, आदरानं करू. धार्मिक विधी करू. त्यांना नवी पेटी देऊ, याच्यापेक्षा भारी. आत आमच्या कारखान्यातली उत्तम गादी घालू. स्प्रिंगची!"

रंगारी हातातला ब्रश तसाच धरून उभा, रंग बुटावर टपकतोय.

"गादी," वहिनी म्हणाल्या.

"सगळ्यात वरच्या प्रतीची. फक्त तुमची सही लागेल. पत्नीची. दुसऱ्या कुणाची चालत नाही."

वहिनींनी दिराकडं बघितलं. तो म्हणाला, "वहिनी म्हणतील तसं. मी बोलायचा अधिकार घालवला." आणि त्याचा आवाज असा आला, जसा मिसरूड फुटलेल्या पोराचा पहिल्या दिवशी आला होता, 'वहिनी, मी इथंच जेवू का?' म्हणताना.

"मला ती जागा दाखवा," वहिनी म्हणाल्या. "पॅनेल होतं ती."

बाईनं हात देऊन त्यांना शिडीनं वर घेतलं आणि केबिनमध्ये उतरवलं. नवं बाक बसवलेलं होतं, अजून वॉर्निश न लागलेलं, कोरं. समोरची बाजू उघडी. जुन्या सनमायकाचे डिंकाचे डाग, आणि खिडक्यांतून दूर धक्क्याचं पाणी. वहिनी बाकावर बसल्या. याच जागी ती नटी घाबरून बसायची. आणि तिकडं आपला माणूस, तोही पाण्याला घाबरणारा. दोघांच्या डोळ्यांसमोर एकच फळी. काय हा योग, त्यांना हसावं की रडावं कळेना.

"इथं आता कोण बसणार?" त्यांनी विचारलं.

"पाहुणे," मालक म्हणाला. "मोठमोठे लोक."

"ते बसून काय बघणार?"

"पॅनेलच की."

"आमचे तेच बघत पडलेत," वहिनी म्हणाल्या. "त्यांचं अजून बघून झालेलं नाही."

मालकानं तोंड उघडलं. वहिनींनी हात वर केला.

"टेबल नेलंत, मी काही बोलले का? टेबल तुमचं. इस्त्रीची पाटी न्या, चपलांचा घोडाही न्या, खाली ओल आलीये त्याला. पण या यार्डाचा रिवाज आहे, काढील त्याचं लाकूड. यांनी काढलं, यांनी भावाला दिलं. दिलेल्यावर माझी सही कशी येईल?"

"पण मूळ फळी ती मूळ फळी, वहिनी! लोक म्हणतील हरवली."

"हरवली नाही," पॅन्ट-शर्टवाली बाई मध्येच म्हणाली. "हरवली म्हणजे कुठं आहे ते माहीत नसणं. ही कुठं आहे ते आपल्याला माहीत आहे. माझ्या कामात एवढं पुरतं. आपण नवी कोरून घेऊ." मग दिराकडं वळून, "कोराल?"

"फोटोत चिमणी निम्मीच आहे," तो म्हणाला. "पण उरलेली मला पाठ आहे."

"चोच मात्र धड करायची. मुद्दाम तुटकी केली तर ती फसवणूक. नवी ती नवी दिसली पाहिजे."

"आणि हात घसरला तर?"

"घसरू देऊ नका," वहिनी म्हणाल्या.

मालक पाय आपटत ऑफिसात गेला. तो कायमचा रागावला की संध्याकाळपुरता, ते कुणाला कळलं नाही.

दोघं घराकडं निघाली. सायकलींच्या दुकानापाशी वहिनी एकदम थांबल्या.

"स्प्रिंगची गादी म्हणाला, भाऊजी! ऐकलंत ना? माझ्या कानांवर अजून विश्वास बसत नाही."

"ऐकलं."

पुन्हा चालू लागल्या. बेकरीच्या कोपऱ्यावर पुन्हा थांबल्या.

"कापूस ठोकला होतात?"

"हो."

"राळ भरली होतीत?"

"भरली."

"म्हणजे पेटी पाण्यात सोडली तर?"

"तरंगेल," दीर म्हणाला. या सगळ्या दिवसांत पहिल्यांदाच त्याच्या आवाजात थोडा तोरा आला. "कुठल्याही बंदराला जाऊन लागेल. माझं सगळ्यात चांगलं काम ते."

वहिनींनी कपाळावर हात मारला.

"अहो, पण त्यांना बोट लागायची!"

दीर चालता चालता थबकला. मागून येणारा सायकलवाला घंटी वाजवत कसाबसा बाजूला झाला. दिराचं तोंड उघडं ते उघडंच. एवढी वर्षं ज्या कामाचा मनातल्या मनात अभिमान धरला, त्यात ही एक गोष्ट त्याच्या डोक्यात कधी शिरलीच नव्हती.

"वहिनी," तो म्हणाला, "हे माझ्या लक्षातच आलं नाही."

"येणार कसं? सुतार ना तुम्ही. कुणी मेलं तरी बोटच बांधणार." त्यांनी त्याचा हात धरून त्याला रस्त्याच्या कडेला ओढलं. "चला. जेवायला उशीर होतोय."

"दादाला त्रास झाला असेल का हो?"

"पेटी जमिनीत आहे. हलत नाही. चला म्हणते ना."

घरी आल्यावर वहिनींनी भात टाकला. भाजी घ्यायची राहिली होती, ते फोडणी देताना आठवलं. दीर स्वयंपाकघरात टेबलाच्या रिकाम्या जागेकडं बघत उभा राहिला, मग आतल्या खोलीत गेला आणि यजमानांची ट्रंक ओढत घेऊन आला. त्यानं ती मधोमध ठेवली, वरची धूळ बाहीनं पुसली आणि समोर मांडी घालून बसला. वहिनींनी ताटं मांडली. तो जेवला, ओठ मिटून, नेहमीसारखा.

तो गेल्यावर त्यांनी डायरी उघडली. बराच वेळ पेन हातात धरलं, यार्ड, मालक, चिमणी, कुठून सुरुवात करावी ते सुचेना. शेवटी लिहिलं:

भाऊजी जेवून गेले. ट्रंक टेबलाला बुटकी पडते, खाली विटा लावायला हव्यात.